नव्या घरात सिनेमा बघायची सोय: स्ट्रीमिंग किती, डिस्क किती

घोडबंदर रोडला, कोलशेतला, खारघरला किंवा उलव्याला नवीन बिऱ्हाड मांडलं की सामान लागल्यावर पहिल्या पंधरवड्यातच हा विषय निघतो. टीव्ही आला, आता सिनेमे बघायचे कसे? सगळी ओटीटी अ‍ॅप्स लावून टाकायची का? आणि जुन्या घरातून आलेला सीडी-डीव्हीडींचा खोका ठेवायचा की रद्दीत द्यायचा? आमच्या इमारतीत आणि नात्यागोत्यात बऱ्याच जणांची ही सोय मी लावून दिली आहे. जिथे पैसे आणि वेळ हमखास वाया जातो त्या जागा आता चांगल्या माहीत झाल्या आहेत, म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो. नवीन आणि एकदाच बघायचं ते स्ट्रीमिंगवर बघा, पण एका वेळी एक किंवा फार तर दोन ओटीटी. एखादाच सिनेमा हवा असेल तर तो ऑनलाइन भाड्याने घ्या. जे सिनेमे आणि नाटकं घरात पुन्हा पुन्हा लावली जातात, किंवा जी कुठेच सापडत नाहीत, त्यांच्यासाठी डिस्क. खोका रद्दीत देऊ नका, आधी पायरी ६ आणि ७ वाचा.

डिस्क भाड्याने मिळतात का?

हे सुरुवातीलाच मिटवू, कारण अजूनही लोक नौपाड्यात आणि वाशीच्या सेक्टर १७ मध्ये असं दुकान विचारत फिरतात. व्हिडिओ लायब्ररी ही मुंबईच्या आसपासच्या लोकांची फार जुनी सवय. आज सिनेमांच्या धंद्यात असलेली शेमारू ही कंपनी १९६२ मध्ये पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि १९७९ पासून ती व्हिडिओ कॅसेट भाड्याने देऊ लागली. तोच नमुना पुढे गल्लोगल्ली पसरला. डिपॉझिट भरायचं, वहीत नाव लिहायचं, दुसऱ्या दिवशी कॅसेट परत. मग २००७ मध्ये डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. विकतची डिस्क भाड्याच्या जवळपास किमतीत मिळू लागल्यावर भाड्याच्या धंद्यात राम उरला नाही. त्यानंतर स्ट्रीमिंग आलं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्या-सिनेमांच्या डिस्कचं नावाजलेलं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. ज्या नेटफ्लिक्सची सुरुवातच टपालाने डीव्हीडी पाठवण्यापासून झाली, तिनेही अमेरिकेतली ती सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला थांबवली.

तेव्हा दुकान शोधण्यात रविवार घालवू नका. कायद्याची बाजूही लक्षात असू द्या: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमाची प्रत धंदा म्हणून भाड्याने द्यायची तर हक्कधारकाची परवानगी लागते. मित्राला किंवा शेजाऱ्याला आपली डिस्क पैसे न घेता बघायला देणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि आज डिस्क हातोहात फिरतात त्या अशाच.

काय काय लागेल

इंटरनेट जोडणीसाठी आधार कार्ड, आणि भाड्याचं घर असेल तर लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत. काही सोसायट्यांत काम करायला येणाऱ्या माणसासाठी ऑफिसातून गेटपास घ्यावा लागतो, तो आदल्या दिवशी घेऊन ठेवा. स्ट्रीमिंगसाठी टीव्ही किंवा टीव्हीला लावायची स्टिक (एचडीएमआय पोर्टमध्ये बसणारं छोटं यंत्र, ओटीटी अ‍ॅप्स त्यावर चालतात), यूपीआय किंवा कार्ड, आणि घरातल्या एकाच माणसाचा ईमेल व मोबाइल नंबर, ज्यावर सगळी खाती काढायची. डिस्कसाठी प्लेअर, एचडीएमआय केबल, मायक्रोफायबरचं कापड आणि सिलिका जेलच्या पुड्या. टीव्हीला लावण्यापुरती लॅन केबल घेतली तर उत्तमच.

१. आधी यादी करा

घरातल्या प्रत्येकाला विचारून कागदावर लिहा: गेल्या वर्षभरात काय बघितलं आणि पुढे काय बघायचं आहे. आजी-आजोबांना नाटकं आणि कृष्णधवल मराठी सिनेमे हवे असतात, मुलांना ॲनिमेशन, कुणाला फक्त दाक्षिणात्य सिनेमे. मग एकेक नाव शोधा. जस्टवॉच नावाच्या संकेतस्थळावर भारत निवडला की कोणता सिनेमा कोणत्या ओटीटीवर आहे ते कळतं. मराठीच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नका, त्या त्या अ‍ॅपमध्ये जाऊनही शोधा. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे टाकून बघा, कारण एकाने सापडत नाही ते दुसऱ्याने सापडतं.

आणखी दोन गोष्टी तपासा. सिनेमा मूळ भाषेत आहे की फक्त डब केलेला? आणि सबटायटल कोणत्या भाषेत आहेत? घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा.

बऱ्याच जुन्या मराठी सिनेमांचे हक्क असलेल्या कंपन्यांनी ते आपापल्या यूट्यूब चॅनेलवर पूर्ण टाकलेले आहेत, तेही फुकट. यादीतली अशी नावं आधीच खोडून टाका. ती खोडल्यावर किती कमी उरतं ते बघून लोकांना आश्चर्य वाटतं. पाच ओटीटी लागतील असं वाटणाऱ्या घराला दोन पुरतात.

२. इंटरनेट: प्लॅनच्या आधी भिंती बघा

कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न नंतर. आधी सोसायटीच्या ऑफिसात विचारा, इमारतीच्या डक्टमध्ये कुणाकुणाचं फायबर आलेलं आहे. नव्या टॉवरमध्ये कधी कधी एक-दोनच कंपन्यांना प्रवेश असतो, आणि ते ताबा घेतल्यावर कळतं. जुन्या ठाण्यात, म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी, चरई या भागांत स्थानिक केबलवाल्याची जोडणीही मिळते. तो हाकेला लवकर येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर टांगलेली वायर पहिल्याच वादळी पावसात तुटते. शक्य असेल तर जमिनीखालून आलेली जोडणी घ्या. पहिल्याच महिन्यात वर्षाचे पैसे भरू नका, एक पावसाळी महिना बघा आणि मग ठरवा. जीएसटीचं बिल मागून घ्या.

वेग किती हवा? नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की पूर्ण एचडीला ५ एमबीपीएस आणि ४केला १५ एमबीपीएस लागतो. एका टीव्हीसाठी ३० एमबीपीएसचा प्लॅन पुरतो. घरून काम करणारे दोघं आणि दोन टीव्ही असतील तर १०० घ्या. त्यापुढचा वेग सिनेमासाठी घेऊ नका. डेटाचं गणितही सोपं आहे. ४केमध्ये तासाला साधारण ७ जीबी, एचडीत ३ जीबीपर्यंत. रोज तीन तास ४के बघितलं तरी महिन्याला ६३० जीबी होतात, आणि मोठ्या कंपन्यांच्या अनलिमिटेड प्लॅनांची मर्यादा बहुधा ३,३०० जीबी असते. स्थानिक प्लॅनमध्ये मात्र ती मर्यादा नीट वाचा.

आता भिंती. ठाणे-नवी मुंबईतले बरेच नवे टॉवर मायवान पद्धतीचे आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या पूर्ण काँक्रीटच्या भिंतींचे. अशा भिंतीतून वायफाय नीट जात नाही, त्यातही ५ गिगाहर्ट्झचं (राउटरच्या दोन वायफायपैकी वेगवान, पण कमी पोचणारं) तर दुसऱ्या भिंतीपर्यंतच दम तोडतं. आणि जोडणी लावायला आलेला मुलगा राउटर कुठे लावतो? दरवाजाजवळ, विजेच्या स्विचांच्या डीबी बॉक्सखाली, कारण फायबर तिथपर्यंत येतं आणि त्याचं काम लवकर उरकतं. तिथून टीव्हीपर्यंत मध्ये दोन भिंती. मग रात्री सिनेमा अडकतो, गोल फिरणारं चाक दिसतं आणि दोष ओटीटीला जातो.

म्हणून तो आल्याबरोबर सांगा, "दादा, राउटर टीव्हीच्या युनिटमध्ये लावायचा आहे, फायबर तिथपर्यंत न्या." तो कुरकुर करेल, जादा वायरचे थोडे पैसे मागेल. द्या. पुढची कित्येक वर्षं सुटतात. राउटर टीव्हीजवळ आला की लॅन केबल थेट टीव्हीला लावा. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचाच असतो, पण ४के सिनेमाला त्याच्या पाव हिस्साही लागत नाही. केबल जमत नसेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा, मात्र राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तरच. शेवटी टीव्हीवरच्या ब्राउझरमध्ये किंवा टीव्हीशेजारी मोबाइल धरून फास्ट डॉट कॉम उघडा आणि वेग बघा. राउटरजवळ उभं राहून घेतलेला आकडा काही कामाचा नाही.

महावितरणची वीज दुरुस्तीसाठी जाते तेव्हा इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो आणि राउटर बंद पडतो, असं बऱ्याच घरांत होतं. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढाच घ्या.

३. टीव्ही आणि स्टिक

टीव्ही जुना असेल, अ‍ॅप अपडेट होत नसतील, तर टीव्ही बदलू नका. स्टिक लावा. पण बाजारात मिळणारे अनोळखी स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका. सिनेमाच्या चोरीपासून बचावासाठी ओटीटी वाइडवाइन नावाची सुरक्षा वापरतात. तिची एल१ पातळी नसेल तर प्लॅन कितीही महागडा घ्या, चित्र एचडीहून खालच्या, अंधुक एसडी दर्जातच दिसतं. मोबाइलवर हे नेटफ्लिक्सच्या अ‍ॅप सेटिंगमध्ये, प्लेबॅक स्पेसिफिकेशनखाली बघता येतं. विकत घ्यायच्या बॉक्सबद्दल दुकानदाराला एकच विचारा: नेटफ्लिक्स अधिकृतपणे चालतं का आणि एचडीत चालतं का. तो दुकानातच लावून दाखवेल तर घ्या.

४. ओटीटीची वर्गणी

इथे सगळ्यात जास्त पैसे गळतात, म्हणून थोडं सविस्तर.

प्लॅनचं नाव नीट वाचा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन डिसेंबर २०२१ मध्ये १४९ रुपयांवर आला आणि स्वस्त म्हणून खूप जण तोच घेतात. तो टीव्हीवर चालत नाही. बेसिक ७२०पी (साधं एचडी) देतो, स्टँडर्ड १०८०पी (पूर्ण एचडी), आणि ४के फक्त प्रीमियममध्ये. ५५ इंची ४के टीव्हीवर बेसिक लावणाऱ्यांना चित्र मऊ दिसतं आणि ते टीव्हीला नावं ठेवतात. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू झाल्या आहेत, त्या नको असतील तर वेगळे पैसे पडतात. जिओसिनेमा आणि हॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये एक होऊन जिओहॉटस्टार झालं, त्यामुळे जुन्या सल्ल्यांत ही दोन वेगळी नावं दिसली तर एकच समजा.

ब्रॉडबँडबरोबर मिळणाऱ्या ओटीटीने हुरळून जाऊ नका. त्यात बहुधा खालचा प्लॅन असतो: जाहिरातींसह, किंवा फक्त मोबाइलपुरता. "कोणता प्लॅन, किती पडदे, टीव्हीवर चालतो का," हे तीन प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंत तरी चालेल.

ऑटोपेचा, म्हणजे वर्गणी आपोआप कापली जाण्याबाबतचा, नियम पक्का करा. वर्गणी घेतली त्याच दिवशी ती रद्द करून टाका. नेटफ्लिक्ससारख्या सेवांमध्ये रद्द केल्यावरही भरलेल्या मुदतीच्या शेवटापर्यंत सगळं बघता येतं. मग पुढच्या महिन्यात दुसरं ओटीटी घ्या, यादीतलं तिथलं उरका, पुन्हा बदला. घरातल्यांना सुरुवातीला हे जाचतं, दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. रद्द करायचं राहिलं तरी बँकेने पैसे कापायच्या निदान २४ तास आधी सूचना पाठवली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो एसएमएस वाचा. यूपीआयवरून घेतलेली वर्गणी तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन थांबवता येते. आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेली मात्र आयफोनच्या सेटिंगमधूनच रद्द करावी लागते. ओटीटीच्या अ‍ॅपमध्ये ते बटण शोधत बसू नका.

गावच्या घरी एक टीव्ही आणि ठाण्यात एक, अशा दोन ठिकाणी नेटफ्लिक्सचं एकच खातं चालवण्यावर जुलै २०२३ पासून बंधनं आहेत. एका घराचं खातं एकाच घरापुरतं, हे धरूनच हिशेब करा.

लहान मुलं असतील तर पहिल्याच दिवशी त्यांचं वेगळं प्रोफाइल आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीला प्रत्येक कार्यक्रमावर वयोगट लिहावा लागतो आणि यू/ए १३+ व त्यापुढच्या मजकुरासाठी पालकांना कुलूप लावायची सोय द्यावी लागते. सोय आहे, पण ती आपोआप चालू होत नाही.

आणि हे कृपा करून घरातल्या ज्येष्ठांना सांगा: टीव्हीवर काही अडलं की गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायचा नाही. असे कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. ते स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला लावतात आणि खातं रिकामं करतात. मदत फक्त अ‍ॅपमधूनच घ्यायची. टेलिग्रामवर येणाऱ्या "सगळी ओटीटी फुकट" छापाच्या एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून टाकायची अ‍ॅप्स, याच जातीच्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

५. ऑनलाइन भाड्याने

जुन्या लायब्ररीची जागा घेणारी खरी सोय ही आहे, आणि नेमकी हीच लोकांना माहीत नसते. यूट्यूबवर, प्राइम व्हिडिओच्या स्टोअरमध्ये (भारतात एप्रिल २०२२ पासून) आणि ॲपल टीव्हीवर एकेक सिनेमा भाड्याने मिळतो. वर्षभराची वर्गणी लागत नाही. नियम सर्वसाधारणपणे असा: पैसे भरल्यापासून ३० दिवसांत सुरू करायचा, आणि एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवायचा.

म्हणून शुक्रवारी रात्री उत्सुकतेपोटी पाच मिनिटं लावून बघू नका, घड्याळ तिथूनच सुरू होतं. पाहुणे रविवारी रात्री येणार असतील तर तेव्हाच सुरू करा. भाडं भरण्याआधी एसडी की एचडी, हे बघा आणि ट्रेलर चालवून आवाजाची भाषा ऐका. यूट्यूबवर भाडं मोबाइलवरून भरलं असेल तर टीव्हीवर तेच गुगल खातं हवं.

याच स्टोअरमध्ये खरेदी असंही बटण असतं. त्यात तुम्हाला मिळतो तो बघण्याचा परवाना. हक्क दुसरीकडे गेले किंवा सेवा बंद झाली तर तो सिनेमा तुमच्या यादीतून जाऊ शकतो. कायमचा हवा असेल तर ते पैसे डिस्कवर खर्च करा.

६. डिस्क: कोणती घ्यावी, कशी पारखावी

चित्राच्या बाबतीत माझा कौल स्पष्ट आहे. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं, डीव्हीडीचं आपल्याकडे ७२० बाय ५७६. आजचं साधं एचडी स्ट्रीमिंग त्याहून चांगलं दिसतं. म्हणजे चित्रासाठी डीव्हीडी घेऊ नका. जे दुसरीकडे मिळतच नाही त्यासाठी घ्या: मराठी नाटकांचं चित्रण, जुनी बालनाट्यं, विस्मरणात गेलेले सिनेमे. ही नाटकं व्हीसीडीवर मोठ्या प्रमाणात निघाली होती आणि त्यातली बरीच पुढे ओटीटीवर आलीच नाहीत. तो खोका ठेवा म्हटलं ते यासाठी.

ब्लू-रेची, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या एचडी डिस्कची, गोष्ट निराळी. २५ किंवा ५० जीबीच्या डिस्कवर एकच सिनेमा असतो. ४के ब्लू-रे ५०, ६६ किंवा १०० जीबीची. तोच अडीच तासांचा सिनेमा ४के स्ट्रीमिंगवर साधारण १७-१८ जीबीत येतो. फरक कुठे दिसतो? अंधाऱ्या दृश्यात. रात्रीच्या आभाळाकडे बघा, स्ट्रीमिंगमध्ये काळ्या रंगाचे पट्टे आणि चौकोन दिसतात, ब्लू-रेवर ते आभाळ सलग राहतं. धूर, पाऊस, पाण्यावरची चकाकी इथेही तसंच. आवाज तर डिस्कवर काहीही न गाळता साठवलेला असतो. मोठा पडदा आणि चांगले स्पीकर असतील तर आवडत्या मोजक्या सिनेमांवर हा खर्च करण्यासारखा आहे. ३२ इंची टीव्हीसाठी करू नका.

प्लेअर मिळणं आता अवघड होत चाललं आहे. सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं, एलजीनेही आपले बंद केले. त्यामुळे घरात गेमिंग कन्सोल असेल तर आधी तोच तपासा. डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के डिस्क चालवतात, पीएस४ ब्लू-रेपर्यंतच. पीएस५च्या डिजिटल आवृत्तीला आणि एक्सबॉक्स सिरीज एसला मुळात ड्राइव्ह नसतो. व्हीसीडी मात्र पीएस५वर चालत नाही. त्यासाठी जुना डीव्हीडी प्लेअर जपा, किंवा लॅपटॉपला यूएसबीवरचा बाहेरचा ड्राइव्ह लावून व्हीएलसी या फुकट प्लेअर अ‍ॅपवर चालवा. जुन्या प्लेअरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी नव्या टीव्हीला बसत नसतील तर एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या. घेताना दिशा नीट बघा, उलट्या दिशेचाही मिळतो आणि दिसायला दोन्ही सारखेच.

परदेशातून मागवताना रीजन तपासा, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. डीव्हीडीत भारत रीजन ५, ब्लू-रेत सी. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेली रीजन एची ब्लू-रे इथल्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही. ४के ब्लू-रेला हे बंधन नाही. लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा, त्यानंतर शेवटचा कायम राहतो.

जुनी डिस्क विकत घेताना दुकानातच, पैसे देण्याआधी हे करा. डिस्क कडेने धरा आणि ट्यूबलाइटखाली तिरकी करा. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा फारसा नडत नाही, प्लेअर तो सांभाळून घेतो. गोलाकार, ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा वाईट. मग डिस्क उलटी करून छापील बाजू बघा. व्हीसीडीचा माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, तिथे पापुद्रा निघाला असेल तर ती गेली. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. ब्लू-रेत तो खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो, वर कडक लेप असतो खरा, पण खोल ओरखडा चालवून घेऊ नका. मधल्या भोकाभोवती तडा दिसला तर डिस्क प्लेअरमध्ये घालूच नका. खालची बाजू जांभळट किंवा हिरवट दिसत असेल तर ती घरी बर्न केलेली प्रत आहे. कारखान्यात छापलेली डीव्हीडी रुपेरी दिसते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी.

आपल्याकडच्या दमट हवेत डिस्कवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या बारीक रेषा दिसतात. घाबरू नका, ती बहुतेक वेळा निघते. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब, आणि बोटांच्या टोकांनी हलकेच. नंतर साध्या पाण्याखाली धरा आणि मायक्रोफायबरने मध्यापासून सरळ कडेकडे पुसा, कधीही गोल गोल नाही. पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवा. डबीच्या आतलं कागदी कव्हर ओलसर असेल तर आधी ते बदला, बुरशी तिथूनच परत येते. टूथपेस्टचा उपाय कुणी सांगितला तर करू नका, ती पृष्ठभाग घासते.

ठेवताना डबी उभी ठेवा. पावसात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून, किंवा स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर नको. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याआधी नव्या घाला.

७. घरच्या डिस्क आधी वाचवा

खोक्यात सिनेमांबरोबर लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग अशा चित्रणाच्या डिस्क असणारच. त्या कारखान्यात छापलेल्या नसतात, बर्न केलेल्या असतात. त्यांत माहिती एका रंगद्रव्यात साठते आणि ते उष्णतेने, उजेडाने, दमटपणाने उतरत जातं. विकतचा सिनेमा पुन्हा कुठेतरी मिळेल, या मिळणार नाहीत. म्हणून सगळ्यात आधी या वेगळ्या काढा.

लॅपटॉपला ड्राइव्ह लावा, डिस्क उघडा आणि आतलं व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर पूर्णच्या पूर्ण कॉपी करा. व्हीसीडी असेल तर एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डीएटी फाइल घ्या, व्हीएलसीवर त्या तशाच चालतात. एखादी डिस्क वाचताना अडकली तर धुऊन पुन्हा लावा, तरी अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावा. एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसऱ्याला पुष्कळदा वाचते, त्यामुळे पहिल्याच नकारावर फेकून देऊ नका. फोल्डरला कार्यक्रम आणि वर्ष लिहून नाव द्या, कारण "न्यू फोल्डर ३" मध्ये कुणाची मुंज आहे ते पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येणार नाही. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत ठेवा, एक तुमच्याकडे आणि दुसरी भावाकडे किंवा बहिणीकडे. प्रत उघडून शेवटपर्यंत पुढे सरकवून बघितल्यावरच मूळ डिस्क परत डबीत घाला.